तार बोलू नये म्हणून

हवालदारांना लोंबणारी वस्तू बघवत नसे. अमरावतीला माझ्या माहेरी पुढची खोली त्यांना राहायला दिली, तेव्हा आई म्हणाली होती, एकटा माणूस, त्याचा काय त्रास होणार. महिन्याभरात तिला कळून चुकलं. कपडे वाळत घालायच्या दोरीला जरा झोळ दिसला की हवालदार ती सोडून पुन्हा ताणून बांधायचे. विहिरीच्या दोराचं टोक उसवलं की चिंधी घेऊन आवळत बसायचे. माझ्या वडिलांच्या फेट्याचा शेमला पाठीवर रुळत असे. त्याच्याकडे हवालदार असे काही टक लावून बघत की वडील बोलता बोलता तो आपोआप उचलून खांद्यावर घेत. आई एकदा वैतागून म्हणाली, "हवालदार, आमच्या गाईचं शेपूट तेवढं रायलं बांधाचं." त्यावर ते जराही न हसता म्हणाले, "ते तिच्या कामाचं हाय, काकू. राहू द्या."

नाव किसनराव. पलटणीतून ते नाईक होऊन सुटले होते. हवालदार त्यांना आमच्या गल्लीने केलं आणि ही बढती त्यांनी मुकाट्याने पदरात पाडून घेतली. माणूस नम्र वगैरे अजिबात नव्हता. मिशीला रोज सकाळी तेल लागायचं. आपल्यासारखं काम करणारा अख्ख्या पलटणीत दुसरा नव्हता, हे ते पाहुण्यांना चहा येण्याआधी सांगून टाकत. रागही नाकावर. पण तो लोंबणाऱ्या, सुटलेल्या, ढिल्या वस्तूंवर जास्त आणि माणसांवर कमी. मी त्यांना काका म्हणत असे.

लढाईत त्यांचं काम होतं जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचं. लढाई संपली, लष्कराचा उरलासुरला माल लिलावात निघाला आणि त्यातलं एक सुरुंग शोधायचं मशीन अकोल्याच्या एका भंगारवाल्याच्या दुकानात येऊन पडलं. काका तिथे गेले होते कंदील घ्यायला. आले ते मशीन घेऊन. हरवलेली म्हैस सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, असं वडील सांगायचे.

मशीन म्हणजे एक लांब काठी. काठीच्या टोकाला पोळपाटाएवढी चपटी थाळी. पाठीवरच्या पिशवीत बॅटरीची पेटी, कानावर ऐकायची डबी आणि थाळीपासून काठीवरून पेटीपर्यंत गेलेली एक तार. थाळीखाली जमिनीत लोखंड, तांबं, पितळ काहीही असलं की कानात कुंई असा आवाज यायचा. खरी मेख होती त्या तारेत. ती काठीवर ढिली राहिली, हलली, थाळीपुढे लोंबली, तर खाली काही नसतानाही कानात आवाज येई. काका याला "तार बोलली" म्हणत. "जमीन बोलली पायजे. तार बोलली नाई पायजे," हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकू आलं, की आई दुधाला उकळी फुटल्यावरही तेच म्हणायला लागली.

तार बांधायचा त्यांचा सोहळा पाहण्यासारखा होता. थाळीपाशी काठी वाकते तिथे थोडी ढील ठेवायची, नाहीतर थाळी कलती करताना तार ताणून तुटते. त्यानंतर पहिला वेढा काठीच्या वरच्या अंगाने घ्यायचा आणि मग एकासारखा एक वेढा घेत तार वर न्यायची. सुतळी चालत नसे, ती सरकते. जुन्या लुगड्याची मऊ पट्टीच लागायची आणि तिच्या दोन गाठी. झालं की काठी हवेत धरून, डोळे मिटून, सावकाश डावी-उजवीकडे फिरवायचे. फिरवताना आवाज कमीजास्त झाला तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. या सगळ्याला किती वेळ लागेल हे विचारणाऱ्याची धडगत नसे.

अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये ही गोष्ट सगळ्यांना कळली. कापसाच्या ढिगात बैलबंडीच्या चाकाची खीळ पडली होती. लोखंड जिनात गेलं की ठिणगी आणि ठिणगी कापसात पडली की सगळा कारखाना, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक. मालक घामाघूम होऊन उभे, मजूर हात बांधून उभे आणि काका जमिनीवर मांडी घालून तार बांधत बसलेले. मालक म्हणाले, अहो, आधी शोधा तरी. काकांनी बांधलेली तार पुन्हा सोडली आणि म्हणाले, "तुमी बोलले, माहा वेढा चुकला." खीळ सापडली. पण मालकांनी त्यानंतर काका तिथे असेपर्यंत तोंड उघडलं नाही म्हणतात.

अचलपूरच्या एका घराण्याने त्यांना वाडवडिलांचं पुरलेलं धन शोधायला नेलं. तिथे मात्र फजिती झाली. परसात खणून निघाला एक मोडका अडकित्ता. घरच्यांचा समज झाला, की धनाचा हांडा यांना दिसला, पण रात्री येऊन हे एकटेच काढणार. दोन माणसं काकांवर पहारा द्यायला बसवली. काका तिथून सुटून आले ते चिडून लाल झालेले. "जे नाई ते नाई म्हणलं त लोकायले राग येते," म्हणाले, आणि धनाच्या कामाला पुन्हा गेले नाहीत.

लढाईबद्दल बढाया पुष्कळ, पण खरं काही सांगत नसत. आईने एकदाच सरळ विचारलं, "भेव नाई वाटलं का कधी?" काका मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "माह्या पुढं माहा जोडीदार होता, काकू. त्याच्या काठीची चिंधी सुटली. तार दिवसभर खोटंखोटं बोलत रायली. आयकून आयकून त्याचा कान इटला. मंग संध्याकाळी जमीन खरंच बोलली. त्याले वाटलं, तारच हाय." एवढंच. त्यानंतर आईने त्यांना दोरीवरून कधी चिडवलं नाही.

माझं लग्न तिवशाच्या रस्त्यावरच्या एका गावात झालं. घरात सासूबाई, माझे यजमान आणि एक बैलजोडी. वावर काळ्या मातीचं, कडेला विहीर, पिढ्यानुपिढ्या वांगी, मिरची, टमाटे काढणारी आम्ही माळी माणसं. लढाईच्या दिवसांत गावाबाहेर शिकाऊ पलटणीचा तळ पडला होता आणि आमचं वावर गोळे मारायच्या सरावाला घेतलं गेलं. तळ उठला, वावर परत मिळालं. पण जे गोळे पडून फुटले नाहीत ते मातीतच राहिले होते. उन्हाळ्यात काळी माती फाटते, भेगेत हात कोपरापर्यंत जातो. अशा भेगांत काय काय उतरून बसलं असेल, हे कोणाला ठाऊक? शेजारच्या वावरात एक म्हैस चरायला घुसली आणि तिचे तुकडे वेचायची वेळ आली. त्यानंतर आमच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत कोणी पाऊल टाकेना.

आम्ही नवरा-बायको दुसऱ्यांच्या मळ्यात राबत होतो. यजमान घरी आले की ओसरीवर बसून आपल्या वावराकडे बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, "उद्या बैल जुपतो. जे व्हाचं ते होईन."  हा माणूस बोललेलं करतो, हे लग्नाला वर्ष व्हायच्या आत मला कळलं होतं. मी त्याच दिवशी माहेरी निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी काका गोधडीत गुंडाळलेलं मशीन बाळासारखं मांडीवर घेऊन मोटारीने आले.

त्यांनी येताच सगळ्यांना हुकूम सोडले. मशीनच्या आसपास फावडं, विळा नको. माझी जोडवी धुऱ्याच्या पलीकडे. ते स्वतः अनवाणी, बिनगुंडीच्या बंडीत. वावराचे लांब पट्टे पाडले, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. पट्टा ऐकून झाला की दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ. कुठे जमीन बोललीच, तर काका पालथे पडून बोटांनी माती बाजूला करत. बहुधा फुटलेल्या गोळ्याचा पत्रा निघे. जिवंत गोळा निघाला तर त्याला हात न लावता भोवती दगड मांडून लाल चिंधी लावत, पोलिसांना कळवत आणि मग लष्कराची माणसं येऊन तो उडवून देत. असे दोन धमाके गावाने ऐकले. त्यामुळे काकांची मान आणखी ताठ झाली. पट्टा साफ झाला की यजमान त्यात लगेच वखर घालत. त्यांना दम कुठला निघायला.

सासूबाईंना मात्र या सगळ्याची धास्ती होती. सगळं गाव धुऱ्यावर उभं राहून त्या मशीनकडे बघतं, त्याला नजर लागणार, हे त्यांनी मनात पक्कं धरलं. आमच्याकडे नव्या बैलबंडीला, दुभत्या म्हशीला, तान्ह्या लेकराला नजरेसाठी बिब्बा बांधतात. आदल्या संध्याकाळी तार बांधून मशीन ओसरीला टेकवून ठेवलेलं असे. एका सकाळी काका विहिरीवर आंघोळीला गेलेले असताना सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, एक बारकं, वाळकं लिंबू आणि एक बिब्बा बारीक लोखंडी तारेत ओवला आणि काकांना दिसू नये म्हणून थाळीजवळच्या लुगड्याच्या पट्टीखाली सारून दिला. पट्टीची गाठ त्यांनी सोडून पुन्हा बांधली. त्यांच्या पद्धतीची, देवाच्या दोऱ्याला मारतात तशी.

काकांनी रोजच्यासारखी काठी हवेत धरली. काठी फिरवली तरी कमीजास्त न होणारा, एकसारखा आवाज आला; तसा थोडा रोजच येई. पेटीला एक बटण होतं, ते पिळलं की मशीन गप्प होत असे. रोज थोडं पिळावं लागे, त्या दिवशी बरंच पिळावं लागलं. अकोल्याहून आणलेल्या बॅटऱ्या उतरल्या असतील, असं म्हणून ते कामाला लागले. पट्टा संपला. काही बोललं नाही. काकांनी चुना टाकला, पाणी प्याले आणि पुढच्या पट्ट्यात शिरले. यजमानांनी बैल जुंपले.

मी धुऱ्यावर भाकरी घेऊन बसले होते. सासूबाई शेजारी होत्या. ऊन चढलं होतं. काकांची काठी डावी-उजवीकडे फिरत होती, ती एकाएकी थांबली. त्यांनी ती उचलून हवेत फिरवली. पुन्हा फिरवली. हवेतही तार बोलत असावी. मग जागेवरच उकिडवे बसून थाळीजवळची पट्टी सोडायला लागले. पट्टीतून लिंबू खाली पडलं. बिब्बा तारेसकट त्यांच्या तळहातावर राहिला.

त्यांनी तो पाहिला. मग मान वळवून शेजारच्या पट्ट्याकडे पाहिलं. माझे यजमान पट्ट्याच्या मध्यावर होते.

"जवाईबापू," काका म्हणाले. ओरडले नाहीत, घरात हाक मारावी तसे म्हणाले. "बैल थांबवा. पाय हालवू नका."

यजमानांनी कासरा ओढला. बैल थांबले.

काका आपल्याच उमटलेल्या पावलांवर पाय ठेवत धुऱ्यावर आले. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं, बावा?" काकांनी तळहात पुढे केला. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागू नये म्हणून बांधलं म्या."

"माय," काका म्हणाले, "सकाळपासून हे लोखंड मशीनच्या कानाशी बसून होतं. ते बोलू नये म्हणून मी मशीनचा कानच पिळला. तो पट्टा मी बहिऱ्या कानानं आयकला."

आम्हाला दोघींनाही समजलं. जो पट्टा साफ म्हणून चुना टाकला, तो कोणी ऐकलाच नव्हता आणि माझा नवरा त्याच्या मधोमध उभा होता. आल्या पावली परत यावं, तर कासरा सोडताच बैल पुढे निघाले असते.

मला वाटलं, काका आता धावत जातील. ते मांडी घालून खाली बसले आणि तार सगळी सोडून मोकळी केली. मळलेली पट्टी फेकून दिली आणि हात पुढे केला. मी पदराचं टोक फाडून दिलं. थाळीपाशी ढील. पहिला वेढा वरच्या अंगाने. एक वेढा, त्याला लागून दुसरा. समोर उन्हात माझा माणूस उभा, डाव्या बैलाला माशा चावताहेत, तो पाय आपटतोय आणि हे वेढे घालताहेत. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. मी म्हटलं, "काका, पाया पडते, लवकर करा."

ते वर न बघता म्हणाले, "घाईनं बांधली त ते बोलन, ताई. मंग मी तठी मधात उभा राहून कोणाचं आयकू?"

दोन गाठी मारल्या. काठी हवेत धरली, डोळे मिटले, फिरवली. बटण रोजच्याइतकंच पिळलं. मग पट्ट्यात शिरले.

ते कसे गेले ते मी पूर्ण पाहिलं नाही. मधे मधे डोळे मिटत होते. थाळी डावीकडे, थाळी उजवीकडे, एक पाऊल, मागे चुन्याची चिमूट. यजमान कासरा हातात धरून तांब्याशी, म्हणजे डाव्या बैलाशी बोलत होते. हा बैल रोज या वेळी पाण्यावर जायचा. त्याला विहीर दिसत होती. "हो बापा, हो राजा, थांब," असं यजमानांचं चाललं होतं. आवाज साधा होता, पण त्यांची पाठ ओली झालेली मला धुऱ्यावरून दिसत होती. सासूबाईंनी माझा हात धरला होता. त्या देवाचं नाव घेत नव्हत्या. नुसत्या "माह्यानं झालं, माह्यानं झालं," असं पुटपुटत होत्या.

काका बैलांच्या पुढून फिरून त्यांच्या तोंडासमोर आले. तांब्याच्या पुढच्या पायापुढे एक भेग होती. थाळी तिच्यावर गेली आणि थांबली. काकांनी हात वर केला.

तांब्याने पाय उचलला.

काकांनी काठी बाजूला ठेवली नाही, काही नाही. ते सरळ त्या भेगेच्या आणि बैलाच्या मधे घुसले, पाठ तांब्याच्या कपाळाला लावली आणि टाचा मातीत रोवून उभे राहिले. बैलाने मागून रेटा दिला. काका पुढे झुकले, पण पाय हलले नाहीत. "जोतं सोडा," ते म्हणाले. यजमानांनी बैलांच्या उमटलेल्या खुरांवर पाय ठेवत पुढे येऊन उजव्या बैलाच्या गळ्यातलं जोतं सोडलं, मग तांब्याचं. जू खाली आलं. काकांनी मान न वळवता तांब्याची वेसण चाचपून धरली आणि त्याला चुन्याच्या रेघेवर वळवला. एका बैलामागे दुसरा, त्याच्या मागे यजमान, सगळे धुऱ्यावर आले. यजमान आले आणि धुऱ्यावर बसले. मी त्यांना पाणी दिलं. मी चारचौघांत त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. कोण काय म्हणेल हा विचार तेव्हा सुचलाच नाही.

भेगेत गोळा होता. सडपातळ, शेपटीला पंख असलेला, पुरा. लष्कराच्या माणसांनी तो उडवला तेव्हा तिथे विहिरीच्या तोंडाएवढा खड्डा पडला.

काकांनी सासूबाईंना शिव्या दिल्या नाहीत. त्या पाया पडायला आल्या तेव्हा पाय मागे घेत म्हणाले, "तुमी बिब्बा बांधला, माय. पण कान मी पिळला. बॅटरीचं नाव सांगून मोकळा झालो. एवढी वर्सं काम केलं, अन् मी इचारलं नाई, काहून पिळा लागून राह्यला." आपली चूक कबूल करताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मिशीला त्या दिवशी तेल नव्हतं.

सगळं वावर त्यांनी धुऱ्यापासून पुन्हा ऐकलं. आधीचे पट्टेसुद्धा. शेवटी म्हणाले, साफ आहे. पण यजमान बैल घेऊन धुऱ्यापर्यंत जात आणि उभे राहत. जो माणूस जे होईल ते होईल म्हणत होता, त्याच्याने आता चुन्याची रेघ ओलांडवत नव्हती. वाफ्यातली मिरचीची रोपं लावणीला आली होती. गावातले लोक म्हणत, एकदा साफ म्हणून चुकला, आता काय भरवसा. काकांच्या कानावर ते जाई.  मलाही यजमानांना जा म्हणायचं धाडस होत नव्हतं. मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते?

एक दिवस सकाळी काकांनी मशीन गोधडीत गुंडाळून ओसरीवर ठेवलं. म्हणाले, "जवाईबापू, जुपा." आणि रिकाम्या हातांनी वावरात उतरले. बैलांच्या तोंडापुढे, हातभर अंतरावर, ते उभे राहिले आणि चालायला लागले. मागे बैल, बैलांमागे वखर, वखरामागे यजमान. काका खाली बघत नव्हते. मागेही बघत नव्हते. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, वळून पुन्हा इकडे. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे धरले होते. दर फेरीला ते माझ्या जवळून वळत, तेव्हा ती बोटं एकमेकांत आवळून पांढरी पडलेली मला दिसत. सासूबाई पाण्याचा गडवा घेऊन धुऱ्यावर उभ्या होत्या. त्यांना थांब म्हणायचं होतं. त्यांनी प्रत्येक वेळी फक्त पाणी दिलं.

त्याच संध्याकाळी ते अमरावतीची मोटार धरून गेले. माहेरची खोली सोडून पुढे ते अकोल्याकडे राहायला गेले, असं आई म्हणाली. मी त्यांना नंतर पाहिलं नाही. त्या दिवशी जाण्याआधी शेवटचं पाहिलं ते इतकंच. उतरती उन्हं होती, तो गोळ्याचा पट्टा शेवटी राहिला होता आणि बुजवलेल्या खड्ड्याच्या जागी येऊन तांब्या आपणहून उभा राहिला. यजमानांनी कासरा हलवला नाही. काकांना मागून वखर थांबल्याचं कळलं. तेही थांबले. मग त्यांनी खड्ड्याच्या मऊ मातीत एक पाय ठेवला, त्याच्यावर सगळा भार दिला आणि दुसरा पाय उचलला. तांब्या त्यांच्या पाठीकडे बघत राहिला आणि मग निघाला.